‘पोलिसी खाक्या दाखवताच पोपटासारखा बोलू लागला’: बातमीतल्या कबुलीला कोर्टात किती किंमत असते?

सुरुवातीला उडवाउडवीची उत्तरं. मग पोलिसी खाक्या. मग संशयित पोपटासारखा बोलू लागतो आणि गुन्ह्याची कबुली देतो.

मराठीत गुन्ह्यांच्या बातम्या वाचणाऱ्या कुणालाही हा क्रम पाठ असेल. गाव बदलतं, पोलीस ठाणं बदलतं, आरोपीचं नाव बदलतं, पण वाक्यांचा साचा तोच राहतो. आता हा साचा छापील पानावरून मोबाईलच्या स्क्रीनवर आला आहे. ‘आरोपीची कबुली’ अशी ओळ फोटोवर झळकते आणि काही मिनिटांत खाली प्रतिक्रिया सुरू होतात: कबूल केलंय ना, मग खटला कशाला? आयुष्यभर सरकारी खर्चाने जेवण कशाला?

पण कायद्याच्या नजरेतून पाहिलं तर या बातमीतलं सगळ्यात ठळक वाक्यच सगळ्यात कमकुवत असतं. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मांडताच येत नाही. हा नियम नवा नाही, दीडशे वर्षांहून जुना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनीही तो कायम ठेवला आहे.

मग बातमीतल्या ‘कबुली’चा अर्थ काय? कोणती कबुली कोर्टात चालते? आणि ‘ओळख पटली’, ‘माफीचा साक्षीदार’, ‘मुद्देमाल काढून दिला’ या रोजच्या शब्दांमागे नेमकं काय असतं?

कबुली दिली, तरी कळंब्यात ‘कच्चा कैदी’

कोल्हापूरचं उदाहरण घेऊ. शहराच्या दक्षिणेला कळंबा आहे. इथला तलाव जितका प्रसिद्ध, तितकंच इथलं कारागृह. कागदावर त्याचं नाव कोल्हापूर मध्यवर्ती कारागृह, पण बोलताना सगळे ‘कळंबा जेल’च म्हणतात.

एखाद्या आरोपीला अटक झाली की आधी पोलीस कोठडी मिळते. ती साधारणपणे जास्तीत जास्त १५ दिवसांची असू शकते. त्यानंतर न्यायालयीन कोठडी. कोल्हापूर परिसरातल्या आरोपीच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा कळंबा असा होतो. बातमीतली ‘कबुली’ पहिल्या टप्प्यातली, म्हणजे पोलीस कोठडीतली असते. कळंब्याच्या दारातून आत जाताना मात्र त्या माणसाची नोंद ‘न्यायाधीन बंदी’ अशी होते. जेलच्या भाषेत कच्चा कैदी. शिक्षा झाली तरच तो पक्का कैदी होतो.

म्हणजे बातमीत ज्याने गुन्हा कबूल केलेला असतो, तो जेलच्या रजिस्टरमध्ये अजून गुन्हेगार नसतो. हा तांत्रिक घोळ नाही, कायद्याने मुद्दाम ठेवलेला फरक आहे.

अशा कच्च्या कैद्यांची संख्या लहान नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५ लाख ७३ हजार २२० कैदी होते. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तिघांचा निकाल लागायचा बाकी होता.

कायदा नेमकं काय म्हणतो?

यात तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली, राज्यघटनेचं कलम २०(३). गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला स्वतःच्याच विरोधात साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. याच तत्त्वाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली.

दुसरी, भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २२. धमकी, जबरदस्ती, आमिष किंवा आश्वासन देऊन मिळवलेली कबुली ग्राह्य धरली जात नाही.

तिसरी, याच कायद्याचं कलम २३. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कुणाजवळ दिलेली कबुलीही चालत नाही, ती प्रत्यक्ष न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेली नसेल तर. जुन्या पुरावा कायद्यात हाच मजकूर कलम २५ आणि २६ मध्ये होता.

इथे एक बारकावा आहे. कबुली मारहाण करून घेतली की शांतपणे चहा पाजून, हा प्रश्न कलम २३ विचारतच नाही. ती पोलिसांसमोर दिलेली आहे, एवढंच तिला बाद करायला पुरेसं असतं.

पोलिसांवर एवढा अविश्वास कशासाठी?

हा नियम मानवाधिकार चळवळीने आणलेला नाही. तो ब्रिटिश सरकारने स्वतःच्याच पोलिसांसाठी केला.

मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि गुन्हा कबूल करून घेण्यासाठी छळ होतो, अशा तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने चौकशी आयोग नेमला. १८५५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि छळाचे प्रकार खरे असल्याचं त्यातून पुढे आलं. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांसमोरच्या कबुलीवर बंदी आली. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती कायम झाली.

त्यामागचा हिशेब व्यवहारी होता. कबुली हाच पुरावा मानला तर तपास करणारा माणूस पुरावा शोधायला उन्हातान्हात कशाला फिरेल? खोलीत बसून कबुली घेणं सोपं. कबुलीची किंमतच शून्य केली, तर तो पायाचे ठसे, साक्षीदार, हत्यार शोधायला बाहेर पडेल.

मग ‘मुद्देमाल काढून दिला’ याचं काय?

या बंदीला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि रोजच्या तपासात सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू किंवा गोष्ट नव्याने उघड झाली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. जुन्या कायद्यातलं हे कलम २७. आता ते कलम २३ मध्येच आहे.

समजा, दुचाकी चोरीतला एक आरोपी पंचांसमोर म्हणाला, ‘मी चोरलेली गाडी तलावाकडेच्या झाडीत लपवली आहे, चला दाखवतो.’ गाडी तिथे खरंच सापडली. कोर्ट यातलं काय स्वीकारेल? गाडी तिथे लपवलेली आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याने ती जागा दाखवली, एवढंच. ‘मी चोरलेली’ हे शब्द गाळले जातील. गाडी त्यानेच चोरली, हे पोलिसांना दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करावं लागेल. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही रेषा आखून दिली आणि आजही न्यायालयं तीच वापरतात.

त्यामुळेच ‘निवेदन पंचनामा’, ‘जप्ती पंचनामा’ हे रटाळ वाटणारे कागद खटल्यात मोलाचे ठरतात. बातमीत कबुलीला मथळा मिळतो, पण कोर्टात खरा कस पंचांचा लागतो.

कोणती कबुली चालते?

मराठीत आपण सगळ्यालाच ‘कबुली’ म्हणतो. कायद्यात मात्र त्याचे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचा कबुलीजबाब. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ नुसार तो नोंदवला जातो. ‘कबुली देणं तुझ्यावर बंधनकारक नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते’ हे न्यायदंडाधिकाऱ्यांनी आधी सांगावं लागतं. आरोपी स्वेच्छेने बोलतोय याची खात्री करावी लागते. त्याला विचार करायला वेळ दिला जातो. आणि त्याने नकार दिला, तर त्यासाठी त्याला परत पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही.

आरोप निश्चितीच्या वेळी ‘गुन्हा कबूल’ म्हणणं. ही भर कोर्टातली कबुली आहे. न्यायाधीश त्यावरून दोषी ठरवू शकतात, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नसतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अजमल कसाबचं. फेब्रुवारी २००९ मध्ये त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब दिला होता. २० जुलै २००९ रोजी त्याने खटला चालू असताना भर कोर्टात गुन्हा कबूल केला. सगळ्या देशाने ज्याला कॅमेऱ्यात पाहिलं होतं, त्याने स्वतःच हो म्हटलं होतं. तरीही विशेष न्यायालयाने खटला तिथेच संपवला नाही. कबुली नोंदवून घेतली आणि साक्षीदार तपासणं सुरू ठेवलं. डिसेंबरमध्ये कसाबने आपला जबाब फिरवला. पण तोपर्यंत प्रत्यक्षदर्शी, छायाचित्रं आणि इतर पुरावे नोंदीवर आले होते, त्यामुळे खटल्याला धक्का लागला नाही.

माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात सामील असलेला एखादा आरोपी सगळं खरं सांगायच्या अटीवर कोर्टाकडून माफी मिळवतो आणि सरकारी पक्षाचा साक्षीदार होतो. कोल्हापूरकरांना याचं वेगळं उदाहरण शोधायला नको. १९९६ मध्ये उघडकीला आलेल्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांच्या बालहत्या प्रकरणात रेणुकाचा नवराच माफीचा साक्षीदार झाला. त्याची साक्ष भर कोर्टात शपथेवर झाली, बचाव पक्षाने उलटतपासणी घेतली आणि तिला इतर पुराव्यांचा आधार आहे का हे तपासलं गेलं. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पुढे दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली.

मोक्काखालची कबुली. हा मूळ नियमाला सरळ छेद देणारा अपवाद आहे. १९९९ च्या या राज्य कायद्यातल्या कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालते. आधी टाडा आणि पोटा या कायद्यांतही अशी तरतूद होती. ते दोन्ही कायदे गेले, मोक्का राहिला.

पोपट बोलतो, पण कुणाचं?

मोक्काखालच्या कबुलीचं काय होऊ शकतं, हे २१ जुलै २०२५ रोजी दिसलं.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. १८९ जणांचा जीव गेला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली. खटल्याचा मोठा आधार मोक्काखाली घेतलेले कबुलीजबाब हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने या १२ जणांची निर्दोष मुक्तता केली, त्यामागच्या कारणांत हे कबुलीजबाब महत्त्वाचे होते. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांमध्ये मजकूर सारखाच असल्याकडे न्यायालयाने लक्ष वेधलं. छळ करून ते घेतले गेल्याचा आरोपींचा दावाही न्यायालयाने मान्य केला.

तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही.

इथे बातमीतला पोपट पुन्हा आठवतो. पोलिसांपुढे तोंड उघडणाऱ्याला इंग्रजीत कॅनरी पक्ष्यासारखा गातो म्हणतात. मराठीत तो पोपटासारखा बोलतो. पण मराठीत पोपटाची आणखी एक ओळख आहे. पढवलेला पोपट. अर्थ न कळता घोकलेलं म्हणून दाखवणं म्हणजे पोपटपंची. ‘पोपटासारखा बोलला’ असं लिहिणाऱ्याला ‘भडाभडा खरं बोलला’ असं म्हणायचं असतं. कोर्टाला मात्र नेमकी दुसरी शंका येते: हा स्वतःचं बोलतोय की शिकवलेलं?

आणि ही शंका खरी निघाली तर नुकसान फक्त आरोपीचं होत नाही. १९ वर्षं न्यायाची वाट पाहिलेल्या १८९ कुटुंबांच्या हाती त्या दिवशी काय आलं? कबुलीच्या भरवशावर उभा केलेला खटला कोसळतो, तेव्हा खरा गुन्हेगार कोण हा प्रश्न तसाच राहतो आणि तोवर माग काढायचे दिवस निघून गेलेले असतात.

‘ओळख पटली’ म्हणजे काय?

कबुलीइतकाच ढिलेपणाने वापरला जाणारा दुसरा शब्दप्रयोग म्हणजे ‘ओळख पटली’.

साक्षीदाराने आरोपीला आधी पाहिलेलं नसेल, तर ओळख परेड घेतली जाते. ती सहसा कारागृहातच होते. तपास करणारे पोलीस तिथे नसतात. आरोपीला साधारण त्याच वयाच्या, त्याच बांध्याच्या माणसांच्या रांगेत उभं करतात आणि साक्षीदाराला त्यातून ओळखायला सांगतात. आरोपीला कोर्टात आणताना तोंडावर बुरखा घालतात, तो यासाठीच. साक्षीदाराने चेहरा आधी पाहिला, तर परेडला अर्थ उरत नाही.

म्हणूनच अटकेनंतर लगेच आरोपीचा उघड्या चेहऱ्याचा फोटो फिरवणं तपासाच्याच मुळावर येतं. बचाव पक्षाचा वकील एकच प्रश्न विचारतो: तुम्ही माझ्या अशिलाला घटनास्थळी पाहिलं होतं की मोबाईलवर?

ओळख चुकली तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००३ मध्ये नाशिकजवळ झालेल्या दरोडा आणि खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरवून सर्वांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शीने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या दिशेने तपासच झाला नव्हता.

कॅमेऱ्यासमोरची कबुली

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ हे वाक्य राज्यभर पोहोचलं. नाशिक पोलिसांनी पकडलेले लोक हात जोडून हे वाक्य म्हणतानाचे व्हिडिओ तुफान चालले. त्यात राजकीय पक्षांशी संबंधित लोकही होते. अनेकांना ते आवडले आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. कोयते नाचवत स्वतःचे रील टाकणाऱ्या गुंडांची दहशत लोकांनी सोसलेली असते. तोच गुंड मान खाली घालून उभा दिसला, की सामान्य माणसाला बरं वाटतं.

पण या व्हिडिओला कोर्टात कबुली म्हणून किंमत नाही. तो पोलिसांच्या ताब्यात असताना केलेला आहे. आरोपीला लाज वाटावी किंवा इतरांना जरब बसावी, एवढाच त्याचा उपयोग. आणि तो नेहमी खऱ्याच गुन्हेगाराच्या वाट्याला येईल, याची खात्री नसते.

सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं. त्याने गुन्हा कबूल केल्याचं जाहीर झालं. कॅमेऱ्यांसमोरही त्याने तेच सांगितलं. देशभर संताप उसळला. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टर सुमारे अडीच महिन्यांनी जामिनावर सुटला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. मारहाण करून कबुली घेतल्याचं त्याने नंतर सांगितलं.

कबुलीचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला, त्यातल्या किती जणांनी सुटकेची बातमी वाचली असेल? निर्दोष सुटका बहुतेक वेळा आतल्या पानावर दोन परिच्छेदांत येते. रील मात्र नाव शोधलं की पुन्हा समोर येतं. नोकरी देणाऱ्यासमोर, सोयरीक जुळवणाऱ्यासमोर, मुलांच्या शाळेत.

मग बातमी कशी वाचायची?

शब्दांकडे थोडं लक्ष दिलं तरी बरंच कळतं.

‘पोलिसांसमोर कबुली दिली’ याचा अर्थ: पोलिसांचं म्हणणं असं आहे. एवढ्यावर कुणालाही शिक्षा होणार नाही.

‘आरोपीच्या माहितीवरून हत्यार जप्त’ याचा अर्थ: पुरावा उभा राहतोय. पंच आणि पंचनामा टिकला, तर तो उपयोगी पडेल.

‘न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब’ याचा अर्थ: वजनदार कबुली. पण आरोपी तो जबाब मागे घेऊ शकतो आणि मग इतर पुरावा लागतो.

‘निष्पन्न झालं’, ‘उघड झालं’ हे शब्द आले, तर विचारायचं: कुणाच्या म्हणण्यानुसार? पोलिसांच्या, आरोपपत्राच्या की न्यायालयाच्या? ‘दोषी’ हा शब्द फक्त तिसऱ्याच्या तोंडी शोभतो.

आणि ‘पोलिसी खाक्या’ हे शब्द दिसले, तर ते गमतीचे म्हणून सोडून देण्यासारखे नाहीत. त्या दोन शब्दांत कोठडीतला बळाचा वापर बातमीदाराने सहज मान्य केलेला असतो आणि वाचकानेही. जे छापून आलं ते खरं असेल, तर कलम २२ नुसार ती कबुली बाद ठरते. खोटं असेल, तर ती बातमीच चुकीची आहे.

कळंब्याच्या भिंतीआड आज जे कच्चे कैदी आहेत, त्यांतले काही खरोखरच गुन्हेगार असतील आणि काही नसतील. कोण कुठला, हे ठरवायला साक्षीदार, पंचनामे, उलटतपासणी आणि निकाल हा लांबचा रस्ता आहे. तो रस्ता फार लांब आहे ही तक्रार रास्त आहे, पण त्यावरचा उपाय खटले वेळेत चालवणं हा आहे. पोपट काय बोलला यावरून निकाल लावणं हा नाही.